पहाटे तीनची रिफ: आधी जाग येते की आधी गाणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४८, मुक्काम ठाणे. चार महिन्यांपासून आठवड्यातल्या चार-पाच रात्री पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते. जाग आली की कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकलेली रॉक गाणी तुकड्या-तुकड्यांनी डोक्यात फिरायला लागतात. त्यातही डीप पर्पल या बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, सगळ्यात चिवट. पाचपर्यंत डोळा लागत नाही. मोबाइलवर तेच गाणं ऐकलं की बरं वाटतं, पण झोप येत नाही. उपाय म्हणून झोपताना मंद वाद्यसंगीत लावून पाहिलंत, साडेनऊलाच अंथरुणात जायला लागलात, एरवी साडेसहाला उठता, रविवारी नऊपर्यंत पडून राहता. अधूनमधून जेवणाआधी दोन पेग घेता. शेवटी विचारलंय की मेंदूत काही बिघडत तर नाही ना.

निद्रानाशावर औषधाशिवाय, म्हणजे सवयी आणि वेळापत्रक बदलून उपचार करणं हे माझं काम आहे, त्या अनुभवावरून सांगते. आधी भीतीचं बघू.

ओळखीचं गाणं डोक्यात फिरणं हा आजार नाही. २००५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून गाणी ऐकवली आणि मध्येमध्ये काही सेकंद आवाज बंद केला. त्या गाण्यांत रोलिंग स्टोन्स या बँडचं ‘सॅटिस्फॅक्शन’ही होतं. गाणं ओळखीचं असेल तर आवाज बंद असतानाही मेंदूचा ऐकण्याशी जोडलेला भाग काम करत राहिला, आणि ऐकणाऱ्यांना गाणं मनात पुढे चालू असल्यासारखं वाटलं. पाठ झालेलं गाणं मेंदू स्वतःच भरून काढतो. पहाटे तीनला बाहेरून काहीच ऐकू येत नसतं, त्यामुळे हे भरून काढणं ठळक जाणवतं, एवढंच.

एक फरक मात्र स्वतःला नीट विचारा. गाणं आपल्या मनात चाललंय हे तुम्हाला कळतं, की शेजारच्या घरात रेडिओ लावल्यासारखं ते बाहेरून ऐकू येतं आणि उठून खिडकी बघावीशी वाटते? दुसरा प्रकार असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवण तपासणी करून घ्या, कारण तो अनुभव बहुतेकदा ऐकू कमी येण्याबरोबर येतो. कानात शीळ किंवा भुणभुण असेल, तरीही तपासणी हवी. मोठ्या आवाजात स्पीकरजवळ उभं राहून वर्षानुवर्षं गाणी ऐकलेल्यांनी तर नक्कीच. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रकार पहिला, साधा इअरवर्मचा, म्हणजे डोक्यात अडकून फिरत राहणाऱ्या गाण्याचा दिसतो.

तुम्ही विचारलंय, गाणं कसं थांबवू. माझ्या मते त्याच्या आधी विचारायला हवं की तीनला जाग का येते, आणि आल्यावर ती का टिकते. गाणं जागं करत नाही, जागेपणात शिरतं. पडताळून बघायचं असेल तर पुढचे सात दिवस सकाळी उठल्यावर एकच गोष्ट लिहा: रात्री जाग आली त्या पहिल्या क्षणी काय होतं? लघवीची भावना, घाम, कोरडा घसा, धडधड, ऑफिसची आठवण, की थेट गाणं? हे सकाळीच लिहायचं, रात्री नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत आधी दुसरंच काहीतरी निघतं आणि गाणं मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू झालेलं असतं.

जाग येण्यामागचं गणित साधं आहे. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात असते आणि ती वयाबरोबर कमी होत जाते. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि दर चक्राच्या शेवटी आपण क्षणभर वर येतो. विशीत कूस बदलून परत झोप लागते, रात्री उठल्याचं आठवतही नाही. तुम्ही साडेनऊला आडवे होता, समजा साडेदहाला झोप लागते. तीनपर्यंत साडेचार तास झोप झालेली असते. दिवसभरात साठलेला झोपेचा दाब बराच उतरलेला असतो आणि उरलेली झोप हलकी असते. नेमक्या त्या वेळी तुम्ही अजून साडेतीन तास अंथरुणातच राहणार असता. म्हणजे झोप पुरत नाही म्हणून लवकर आडवं होण्याचा जो उपाय तुम्ही केलात, त्यानेच पहाटेची जाग पक्की केली आहे. रविवारी नऊपर्यंत पडून राहण्याचाही तोच परिणाम, कारण रविवारी रात्रीसाठी लागणारा दाब सकाळीच खर्च होतो.

आता जुनीच गाणी का, यावर थोडं थांबू, कारण उपायाची दिशा त्यातून मिळते. माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी नंतरच्या वर्षांपेक्षा जास्त आणि ठळक राहतात, आणि संगीताच्या बाबतीत त्यातला किशोरवयाचा भाग विशेष ठळक असतो. त्यात तुमच्या पिढीची ऐकण्याची पद्धत बघा. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर मित्राकडून एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असे दोन अल्बम भरून घ्यायचे आणि पुढची कॅसेट मिळेपर्यंत तेच ऐकायचं. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून एखादी मूळ कॅसेट आणली तर तिची पारायणं ठरलेली. या पारायणांमुळे गाणंच नव्हे, त्यानंतर कोणतं गाणं येतं तेही पाठ होतं. एक संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं, ते त्यामुळे. आणि आठवण अचूक असते. १९९६ सालच्या एका प्रयोगात साध्या माणसांना आवडतं गाणं आठवून गायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांची लय मूळ रेकॉर्डपासून आठ टक्क्यांहून जास्त ढळली नाही.

रिफ ही मुळातच फिरून स्वतःवर येण्यासाठी रचलेली असते. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ तालाच्या चार आवर्तनांची आहे. ती संपते तिथूनच पुन्हा सुरू होते, आणि मनातही तशीच साठते: शेवटानंतर सुरुवात. शिवाय १९७२ च्या मूळ स्टुडिओ रेकॉर्डमध्ये हे गाणं संपत नाही, आवाज हळूहळू कमी होत विरून जातं. म्हणजे गाण्याचा शेवट म्हणून तुमच्या स्मरणात काही नाहीच. जर्मनीतल्या हॅनोवरच्या संशोधकांना असं दिसलं होतं की विरून जाणाऱ्या गाण्यावर ताल धरणारे लोक आवाज संपल्यानंतरही ताल देत राहतात, तर ठाम शेवट असलेल्या गाण्यावर ते थांबतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली पुष्कळ रॉक गाणी अशीच विरून जातात. म्हणून अडकलेलं गाणं पूर्ण ऐका हा सल्ला निम्माच बरोबर आहे. पूर्ण ऐकायचं तर ज्याला खरा शेवट आहे अशी आवृत्ती ऐका. या गाण्याची त्याच वर्षी जपानमध्ये झालेल्या मैफलीची ‘मेड इन जपान’ या अल्बमवरची आवृत्ती आहे, तिला व्यवस्थित शेवट आहे. ती संध्याकाळी एकदा बसून, शेवटच्या स्वरापर्यंत ऐका. पहाटे तीनला नाही. त्या वेळी मोबाइल उघडला की उजेड डोळ्यांवर येतो, आवडतं गाणं मिळतं आणि तीनला जागं होण्याचं शरीराला बक्षीस मिळतं. ते लगेच बंद करा.

झोपतानाचं मंद वाद्यसंगीतही बंद करा, निदान सहा आठवडे. हे बऱ्याच जणांना पटत नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०२१ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या लोकांना निजण्याआधी लोकप्रिय गाणी ऐकवली, काहींना शब्दांसह आणि काहींना फक्त वाद्यांवर. त्यात जर्नी या रॉक बँडचं ‘डोंट स्टॉप बिलिव्हिन’ही होतं. वाद्यांवरच्या आवृत्तीने इअरवर्म जास्त झाले आणि झोप जास्त बिघडली. आपल्याला शब्द माहीत असतात, वाद्यं ते म्हणत नाहीत, मग ते मन म्हणतं, असा माझा अर्थ. त्याच संशोधनातल्या पाहणीत ज्यांना आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा रात्री इअरवर्म होत, त्यांची झोप खराब असण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. जुन्या हिंदी किंवा रॉक गाण्यांच्या सितार-गिटार-बासरीवरच्या ‘रिलॅक्सिंग’ प्लेलिस्ट म्हणूनच तुमच्यासारख्यांना चालत नाहीत. आवाज हवाच असेल तर पंख्याचा पुरे.

पण संगीत सोडू नका. जे सोडतात त्यांच्यात मी दुसराच त्रास बघते: गाणं ही भीतीची वस्तू होते आणि भीतीमुळेच ते अधिक येतं. ऐकण्याची वेळ बदला. संध्याकाळी सात-साडेसातला एक अल्बम किंवा त्याची एक बाजू, बसून, सलग. रात्री आठनंतर रॉक नाही. हा आठचा आकडा कुठल्या प्रयोगातला नाही, अनुभवाने धरलेला आहे. कुणाला साडेआठ चालतात, कुणाला सात लागतात. गिटार वाजवत असाल तर हेडफोन लावून रात्री रिफचा सराव करणं हे ऐकण्यापेक्षाही जास्त चिकटतं, कारण बोटंही पाठांतर करतात. आणि रील्स. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि इअरवर्म तयार करण्याची याहून चोख पद्धत मला माहीत नाही. रात्री जेवल्यानंतर रील्स पूर्ण बंद.

आता मुख्य उपचार. याला सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात आणि दीर्घकाळच्या निद्रानाशात औषधाआधी हाच करावा, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेची २०१६ पासूनची शिफारस आहे. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ त्रास असेल तर तो दीर्घकाळचा धरतात. तुम्ही त्यात बसता.

पहिले दहा ते चौदा दिवस फक्त वही. रोज सकाळी अंदाजाने पाच गोष्टी: अंथरुणात कधी गेलो, झोप कधी लागली, मधे एकूण किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी, उठलो कधी. घड्याळ बघून नव्हे, अंदाजानेच. मग एकूण झोप भागिले अंथरुणातला एकूण वेळ. तुम्ही लिहिलंय त्यावरून: साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे ५४० मिनिटं अंथरुणात. साडेदहा ते तीन ही २७० मिनिटं, आणि सव्वापाच ते साडेसहा ही ७५. एकूण ३४५. ३४५ भागिले ५४०, म्हणजे ६४ टक्के. आपल्याला हे प्रमाण ८५ च्या आसपास न्यायचं आहे.

उठण्याची वेळ आधी ठरवा आणि ती सातही दिवस तीच. समजा सहा. आता मागे मोजा: झोप पावणेसहा तास होते, म्हणून अंथरुणातला वेळ सहा तास. म्हणजे रात्री बारा ते सहा. होय, बाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, डोळे मिटत असले तरी. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली तर पुढच्या आठवड्यात पावणेबारा. ८० ते ८५ मध्ये असेल तर तेच ठेवा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कमी करा, पण साडेपाच तासांच्या खाली कधीच नाही. बदल आठवड्याच्या सरासरीवर करायचा, एका वाईट रात्रीवरून नाही.

पहिला आठवडा कठीण जातो. दुपारी पेंग येते, चिडचिड होते, चौथ्या-पाचव्या दिवशी सोडून द्यावंसं वाटतं. त्या दिवसांत पहाटेचं किंवा लांबचं ड्रायव्हिंग टाळा. एक्स्प्रेस-वे तर नकोच. अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत चालणं, घोरताना श्वास अडकणं, गरोदरपण, किंवा यंत्रावर काम करण्याचा व्यवसाय असेल तर हा भाग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका.

फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी. साडेनऊला टीव्हीसमोर सोफ्यावर लागलेली वीस मिनिटांची डुलकी बाराची झोप खाऊन टाकते. ती टाळण्यासाठी त्या तासात उभ्याने करायची कामं ठेवा: कपड्यांच्या घड्या, उद्याची भाजी निवडणं, इस्त्री. दुसरं, रविवारी उशिरापर्यंत पडून राहणं. तिसरं, रात्री मोबाइलवर वेळ बघणं. ‘अजून तीन तास आहेत’ हा हिशोब सुरू झाला की गाण्याला जागं मन मिळतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ भिंतीकडे तोंड करून.

तीनला जाग आलीच तर काय करायचं? गाण्याशी भांडू नका. ‘थांब’ म्हणालात की ते थांबलं का हे तपासावं लागतं, आणि तपासायला गाणंच आठवावं लागतं. त्याऐवजी आतला आवाज दुसऱ्या कामाला लावा, कारण रिफ त्याच आवाजावर चालते. ओठ न हलवता मनात एखादं निरर्थक अक्षर, समजा ‘द’, अनियमित अंतराने म्हणत राहा. अंतर अनियमितच हवं. सारख्या लयीत म्हटलंत तर दोन मिनिटांत ते रिफच्या ठेक्यावर बसेल. याच कारणाने जप किंवा पाठ असलेलं स्तोत्र काहींना उपयोगी पडतं, काहींना नाही: पाठ असलेल्या गोष्टीला मन लागत नाही, मागे गाणं चालूच राहतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगांत असंच दिसलं होतं. डोक्याला मध्यम काम दिलं तर गाणी परतत नाहीत. फार सोपं किंवा फार अवघड दिलं तर परततात.

मध्यम काम म्हणून मी हे देते. एक साधा शब्द घ्या, ‘वसंत’. ‘व’ पासून वस्तू आठवा: वही, वांगं, विहीर, वाटी. प्रत्येकाचं चित्र पाच-सात सेकंद डोळ्यांसमोर आणा आणि पुढे चला. ‘व’ संपला की ‘स’: साबण, सुपारी, सायकल. मग ‘त’. चित्रांचा एकमेकांशी संबंध नसावा, त्यांची गोष्ट बनता कामा नये. ळ किंवा ण असलेला शब्द निवडू नका, अडकाल. ऑफिस, पैसे, जुने मित्र आणि बँडची नावंही नकोत. जुने मित्र का नकोत, तर गाण्यापेक्षा त्याच्या मागून येणारी आठवण माणसाला पूर्ण जागं करते. मुंबईत रंगभवनला व्हायचा तो आय-रॉक हा रॉक महोत्सव, तेव्हाचा ग्रुप, आता संपर्कात नसलेला कुणी, आणि मग ‘आपण काय केलं इतकी वर्षं’. माझ्याकडच्या पन्नाशीजवळच्या लोकांत पहाटेचे दोन तास जातात ते बहुधा इथे. अशी आठवण येत असेल तर तिला दिवसा जागा द्या. रविवारी सकाळी त्या मित्राला फोन करा.

साधारण पंधरा-वीस मिनिटं जागेच आहात असं वाटलं तर उठा. दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसा, मंद पिवळा दिवा, छापील आणि कंटाळवाणं काहीतरी वाचा. डोळे जड झाले की परत. ज्याला रात्रीतून तीनदा उठावं लागतं त्याचंही काही चुकत नसतं, पहिल्या आठवड्यात तसंच होतं. च्युइंगम चघळल्याने अडकलेलं गाणं कमी येतं असं ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं आहे. ते दिवसा वापरा. पडल्यापडल्या नको, घशात अडकायचा धोका असतो.

झोपण्याच्या तास-दोन तास आधी पाच मिनिटं कागदावर उद्याच्या कामांची यादी लिहा. स्कलिन यांच्याच २०१८ मधल्या एका प्रयोगात, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा व्हायच्या कामांची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी तितकं बरं: ‘बँकेचं काम’ नाही, तर ‘सकाळी अकराला केवायसीचे कागद’.

पेगचं सांगायचं तर दारूने झोप लवकर लागते आणि अंमल उतरताना, म्हणजे नेमकी रात्रीच्या उत्तरार्धात, तुटते. हे सहा आठवडे पूर्ण बंद ठेवून वहीत फरक बघा. शेवटचा चहा-कॉफी दुपारी तीनच्या आत, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात.

या वयात काही कारणं वेळापत्रकाने जात नाहीत, ती आधी बघून घ्या. जोरात घोरणं आणि श्वास अडकून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं: स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी लागेल. दोनदा-तीनदा लघवीला उठणं: साखर आणि प्रोस्टेट. हे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी: मध्यरात्री अंग तापून घाम येत असेल तर रजोनिवृत्तीच्या काळातला तो त्रास असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. थायरॉइड, रक्तदाबाची काही औषधं, नुकतंच सुरू केलेलं कोणतंही औषध, हेही तपासा. पहाटे जाग येण्याबरोबर दिवसभर उदास वाटणं, संगीतासकट कशातच रस न उरणं हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याचा उपचार आधी. जगू नये असे विचार येत असतील तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू.

फरक कधी दिसेल? जाग यायची थांबण्याआधी जागेपणाचा काळ लहान होतो, दोन तासांचे चाळीस मिनिटं, मग वीस. बहुतेकांना हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वहीत दिसतं. रिफ त्यानंतरही काही रात्री येईल. दोन मिनिटं वाजून तुम्ही झोपी गेलात तर तिच्यावर आणखी काही करायची गरज नाही. सहा आठवडे उठण्याची वेळ खरोखर पाळूनही प्रमाण ८० च्या वर जात नसेल, तर झोपेच्या विकारांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि ही वही सोबत न्या. वही असेल तर पहिल्याच भेटीत ते नेमकं बोलू शकतात.